पाटावरच्या शेवया

चैत्र लागला की आमच्या वस्तीतल्या गच्च्या आणि अंगणे पांढरी दिसू लागतात. कुठे कुरडया, कुठे उडदाचे पापड, कुठे खारोड्या. परभणीचे ऊन म्हणजे फुकटची भट्टी! त्या उन्हाचा कंटाळा सगळ्यांना येतो, पण वाळवण करणाऱ्या बाईला मात्र ते हवेहवेसे वाटते. आमच्या घरात आम्ही दोघी जावा. एक पासष्टीची, दुसरी साठीची. सांगणारी थोरली आणि लिहिणारी धाकटी, म्हणून या लेखात सगळीकडे ‘आम्ही’च आहोत. वाचक भगिनींनी समजून घ्यावे.

गेल्या उन्हाळ्यात आम्ही पीठ तिंबत बसलो होतो. आठवीतली नात मोबाईल घेऊन धावत आली. म्हणाली, ‘‘आजी, बघा बघा! जपानमधल्या बाया तुमच्यासारख्याच शेवया करायलेत!’’ आम्ही पिठाचे हात तसेच ठेवून पाहू लागलो. खरेच की! दोन काठ्यांना पिठाची लांबलचक दोरी आठाच्या आकड्यासारखी गुंडाळलेली. एक काठी वर, एक काठी खाली. ओढता ओढता दोरीचा धागा होतो, आणि त्या धाग्यांचे पडदे वाऱ्यावर वाळतात. धाग्यामध्ये काडी घालून चिकटलेले धागे सोडवणाऱ्या म्हाताऱ्या बाईचे हात पाहिले आणि आम्हा दोघींच्याही तोंडून एकदमच निघाले, ‘‘आत्याबाई!’’

आत्याबाई म्हणजे आमच्या सासूबाई. त्यांना जाऊन आता बरीच वर्षे झाली. त्यांची आठवण काढायची म्हणजे त्यांच्या शेवयांच्या पाटाची आठवण काढावीच लागते.

आमचे सासर मूळचे जिंतूर तालुक्यातले. हातावर पोट असलेले घर. आमच्या भागात खरे धान्य ज्वारीचे. ‘परभणी मोती’, ‘परभणी ज्योती’ ही ज्वारीची वाणे आपल्या इथल्या कृषी विद्यापीठाने काढली, यावरूनच कळेल की ही ज्वारीची माती आहे. गहू हा सणाचा, पाहुण्यांचा आणि शेतवाल्यांचा. मजुरी ज्वारीत मिळायची. मग शेवयांना गहू आणायचा कुठून? फाल्गुनात गव्हाची काढणी झाली की आत्याबाई सरवा वेचायला जात. काढणीत गळून पडलेल्या ओंब्या वेचायच्या, लुगड्याच्या ओट्यात भरायच्या, घरी आणून बडवायच्या. आठ-दहा दिवस वाकून कंबर मोडली तेव्हा कुठे पायली-दीड पायली गहू जमायचा. त्यातला एक दाणाही पोळीसाठी वापरायचा नाही. तो शेवयांचा गहू!

१९७२ च्या दुष्काळात आत्याबाई खडी फोडायला गेल्या. कामावर सुकडी मिळायची, रेशनवर तांबडी मिलो ज्वारी मिळायची. त्या सांगत, ‘‘त्या साली पाट उतरला न्हाई. सरवा वेचायला पीकच नव्हतं.’’ दुष्काळाचे वर्णन त्या एवढ्याच शब्दांत करीत.

पाट सागवानाचा. साडेतीन-चार हात लांब, वीतभर रुंद, वापरून वापरून गुळगुळीत झालेला. १९७८ साली विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाड्यात आपल्या वस्त्यांवर हल्ले झाले, घरे जळाली. गावात रात्री हाकाटी झाली तेव्हा लोक लेकरे आणि गाठोडी घेऊन रानात पळाले. आत्याबाईंनी एका काखेत धाकटा मुलगा धरला आणि डोक्यावर हा पाट घेतला. लोक नंतर हसले, ‘‘अगं, भांडी सोडून लाकूड घेऊन पळाली!’’ त्यावर त्यांचे उत्तर ठरलेले होते, ‘‘भांडी बाजारात मिळतेत. हातानं घासून घासून झालेला पाट कोण्या बाजारात मिळतो?’’ आम्ही दोघी त्यानंतर लग्न होऊन या घरात आलो, १९७९ आणि १९८३ साली. पाटाची ही कथा आम्हाला प्रत्येक उन्हाळ्यात ऐकायला मिळाली.

आता नव्या मुलींना पाटावरच्या शेवया कशा करतात हे ठाऊक नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो. आदल्या दिवशी गव्हाला पाणी चोळायचे आणि ओल्या फडक्यात बांधून ठेवायचा. यामुळे वरचे साल चिवट होते, दळताना त्याचा भुगा होत नाही, ते कोंड्याच्या रूपाने वेगळे निघते. आजच्या मोठ्या पिठाच्या गिरण्यासुद्धा दळण्याआधी गहू असाच ओलवतात. आत्याबाईंना हे कोणी शिकवले नव्हते! मग जात्यावर दळण. ते पीठ पातळ कपड्यातून गाळायचे. वस्त्रगाळ पीठ हाताला रेशमासारखे लागते. मिठाच्या पाण्यात ते घट्ट मळायचे, तेलाचा हात लावायचा, ओल्या फडक्याखाली मुरू द्यायचे आणि मग तिंबायचे. तिंबून तिंबून ते असे झाले पाहिजे की ओढले तर रबरासारखे लांबावे, तुटू नये. गव्हाच्या पिठात पाणी पडले की त्यातील प्रथिनांची चिकट जाळी तयार होते. मीठ ती जाळी बळकट करते आणि पीठ मुरले की ती सैल होऊन ओढ घेते. ज्वारीच्या पिठात ही जाळी नसते, म्हणून ज्वारीची भाकरी थापता येते, पण शेवई ओढता येत नाही.

पाटाचे एक टोक बाजेवर, दुसरे जमिनीवर. वरच्या टोकाला एक बाई पिठाचा गोळा तळहाताखाली धरून पाटावर घासत जाते. तळहाताखालून दोऱ्यासारखी शेवई निघते आणि पाटावरून खाली सरकते. खाली बसलेली दुसरी बाई ती बोटांवर झेलते, लांबवते, तिचे वेढे घेते आणि तुराट्यांवर वाळत घालते. वरचीचा हात आणि खालचीची बोटे यांचा मेळ बसला नाही की शेवई तुटलीच. आम्हा दोघी जावांमध्ये त्याकाळी बोलणे कमी आणि धुसफूस जास्त होती. पण पाटावर बसलो की भांडता येत नसे. आत्याबाई मुद्दाम आम्हालाच वरखाली बसवत आणि म्हणत, ‘‘घाई करनारीच्या शेवया तुटतेत, अन् रुसनारीच्या जाड होतेत.’’ आमची मैत्री त्या पाटाने जमवली हे आम्ही दोघीही कबूल करतो.

पीठ दळताना आत्याबाई ओव्या म्हणत. गंगाखेड ही संत जनाबाईंची जन्मभूमी, त्यामुळे जात्यावरची ओवी आमच्या भागाच्या रक्तातच आहे म्हणा ना. पण आत्याबाईंच्या ओव्या बाबासाहेबांच्या आणि रमाईच्या. पुढे १९९६ साली शेजारच्या माजलगावच्या भीमनगरात अभ्यासकांनी आपल्या बायांच्या अशाच ओव्या ध्वनिमुद्रित केल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटेव्हिन यांनी जमवलेल्या हजारो ओव्यांमध्ये त्यांचा समावेश आहे. आमच्या आत्याबाईंच्या ओव्या मात्र कोणी टिपल्या नाहीत. आम्हीही नाही. ही चूक आमचीच.

शेवया झाल्या की त्या खायच्या कशा? पाण्यात उकडून, निथळून, वर गुळवणी आणि तुपाची धार. दूध असेल तर खीर. आंबे आले की आमरसाबरोबर. जावई आला, सोयरे आले, बाळंतीण घरी आली, की डबा उघडायचा. वैशाख पौर्णिमेला आपल्या घरी खीर होतेच. सुजातेने उरुवेला येथे तथागतांना दिलेल्या खिरीची ती आठवण. सुजातेची खीर दुधातांदळाची होती, पण आत्याबाई शेवयांची करीत. म्हणत, ‘‘सुजातानं घरात जे चांगलं होतं ते दिलं. आपल्या घरात चांगलं हेच हाय.’’

आता जी गोष्ट सांगणार आहोत ती आजवर आम्ही कुठे लिहिली नाही. १९८६ साली आम्ही सगळे परभणीला भाड्याच्या दोन खोल्यांत राहायला आलो. आजूबाजूला शिकलेली, नोकरदार माणसे. वाटले, गावातले सगळे गावात राहिले. १४ एप्रिलला जयंतीची खीर केली आणि समोरच्या घरी ताटलीभर झाकून दिली. त्या बाईंनी हसून घेतली. ‘छान दिसतेय हो’ असेही म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पाण्याला गेलो तर ती खीर त्यांच्या गाईच्या घमेल्यात होती. वर पडलेली बदामाची कापेसुद्धा आम्हाला ओळखू आली. तासाभराने त्यांच्या मुलाने ताटली परत आणून दिली. स्वच्छ घासलेली, आणि तिच्यात चमचाभर साखर. ताटली रिकामी परत करू नये, ही रीत त्यांनी पाळली होती.

आम्ही दोघी रडलो. आत्याबाई रडल्या नाहीत. त्यांनी ती साखर मुंग्यांना टाकली आणि म्हणाल्या, ‘‘सरवा वेचलेल्या गव्हाच्या शेवया हायेत ह्या. गाईला कळलं असंल त्याची चव.’’ त्यानंतर त्यांनी त्या घरी काही पाठवले नाही. पण आमच्या मागच्या गल्लीतल्या मुसलमान खालांना पाठवले. रमजान ईदला त्यांच्याकडून शीरखुर्मा आला. पुढच्या वर्षी खाला स्वतः येऊन म्हणाल्या, ‘‘बाजारातल्या शेवयांना ही चव नाही. आम्हाला ईदसाठी तुम्हीच करून द्या, पैसे घ्या.’’ आमच्या शेवयांचे पहिले गिऱ्हाईक ते. पहिले पैसे आत्याबाईंनी लेकरांच्या वह्यांना दिले.

आता पुन्हा जपानकडे येतो. नातीने दाखवलेली ती बेटे गोतो नावाची. जपानच्या पश्चिम टोकाला, नागासाकी प्रांतात समुद्रात विखुरलेली. डोंगराळ जमीन, भातशेतीला जागा कमी. मासेमारी आणि शेवया. त्या शेवयांना ते उदोन म्हणतात. इतर ठिकाणचे उदोन जाड असते, गोतोचे मात्र बारीक आणि गोल. पीठ, मीठ, पाणी तेच. फरक तेलाचा. त्यांच्या बेटावर कॅमेलियाची झाडे भरपूर. त्यांच्या बियांचे तेल काढून ते पिठाच्या दोरीला चोळतात, म्हणजे ती वाळत नाही आणि एकमेकींना चिकटत नाही. आम्ही हसलो. कारण आत्याबाई करडईचे तेल लावत! आपल्याकडे करडई पिकते, म्हणून करडई. त्यांच्याकडे कॅमेलिया, म्हणून कॅमेलिया. ज्या मातीत राहावे तिचेच तेल हाताला लावावे, हे दोन्हीकडच्या बायांना कळले.

तिथली खाण्याची रीतही सांगण्यासारखी आहे. चुलीवर लोखंडी भांड्यात पाणी खळखळत ठेवतात, त्यात उदोन सोडतात आणि सगळे भोवती बसून भांड्यातूनच उचलून खातात. या उकळीला ते ‘नरकाची उकळी’ म्हणतात! चवीला पंखवाल्या उडत्या माशाचा रस्सा किंवा सोयाच्या रसात फेटलेले अंडे. गोड शेवई खाणाऱ्या आपल्याला हे जरा चमत्कारिक वाटेल. पण एकाच भांड्यातून सगळ्यांनी खायचे, ही गोष्ट आम्हाला त्या चवीपेक्षा मोलाची वाटली.

या शेवयांचा आणि धम्माचा धागाही आहे बरे का. जुन्या काळी जपानचे राजदूत चीनला जात तेव्हा त्यांच्या गलबतांचा जपानी भूमीवरचा शेवटचा मुक्काम याच बेटांवर असे. ८०४ साली कूकाई नावाचा तरुण भिक्खू याच मार्गाने चीनला गेला. पुढे तो जपानमधला थोर आचार्य झाला. शिकोकू बेटावरचे, त्याच्या जन्मगावाकडचे लोक मानतात की उदोन चीनहून त्यानेच आणले. हाकाता येथील जोतेन-जी या विहारात उदोनच्या जन्माचा शिलालेख उभा आहे. तिथे मान दिला जातो एन्नी या भिक्खूला. तो १२४१ साली चीनहून परतला, आणि पीठ दळण्याच्या पाणचक्कीची विद्या त्याने आणली अशी परंपरा आहे. कोणती कथा खरी हा वाद त्यांचा. आम्हाला एवढेच दिसले, की भिक्खू दूरदेशी गेले आणि परतताना ग्रंथांबरोबर जाते घेऊन आले. ज्ञान म्हणजे नुसते पोथीतले नव्हे, भाकरीचेही! आपल्या समाजाला जपान परका नाही. नागपूरचे भदंत आर्य नागार्जुन सुरेई ससाई मूळचे जपानच्या ओकायामा प्रांतातले. शिकोकू बेट तिथून समुद्राच्या पलीकडच्या काठावर आहे.

एक गोष्ट मात्र वाईट वाटली. गोतोचीही तरुण पोरे कामासाठी मोठ्या शहरांत जातात, बेटांवर म्हातारी माणसे उरतात. पण त्यांनी एक केले. आपल्या उदोनला आपल्या बेटाचे नाव लावले. पाकिटावर मोठ्या अक्षरांत ‘गोतो’. ते नाव वाचूनच लोक विकत घेतात.

आणि इथेच आमच्या दोघींचे भांडण पेटले.

आमचा दहा बायांचा बचत गट आहे. सुरुवातीला हाताने फिरवायचे यंत्र बाजेला घट्ट बसवून शेवया करायचो, आता विजेचे यंत्र आहे. खरे सांगायचे तर पाकिटातल्या शेवया यंत्रावरच्याच असतात. पाटावर इतके होणे शक्य नाही. दुकानात ठेवायचे म्हटल्यावर अन्न नोंदणी आली आणि पाकिटावर बनवणाऱ्याचे नाव व पूर्ण पत्ता छापणे आले. तसा कायदाच आहे. आता आमच्या वस्तीच्या नावातच भीम आहे. एका दुकानदाराने अगदी प्रेमाने सांगितले, ‘‘ताई, माल उत्तम आहे. पण पत्ता दुसरा टाका. गिऱ्हाईक पाकीट उलटून वाचते.’’

धाकटीचे म्हणणे पडले, की आपल्या लेकीचे घर नव्या कॉलनीत आहे, तोच पत्ता टाकू. नोंदणीही तिथली करू. दहा घरांचा प्रश्न आहे. नाव सोन्याचे ठेवून चूल थंड ठेवायची का? थोरली म्हणाली, ‘‘ताटली घमेल्यात ओतली तेव्हा निदान ती आपल्या नावाने तरी गेली होती. आता आपणच आपले नाव घमेल्यात ओतायचे?’’ चार दिवस अबोला होता. गटातही दोन तट पडले. धाकटीचे म्हणणे खोटे नव्हते, हे थोरलीलाही ठाऊक होते. पोट ही लाज वाटण्यासारखी गोष्ट नाही.

पाचव्या दिवशी थोरलीने माळ्यावरचा पाट खाली काढला. वैशाख पौर्णिमेच्या खिरीपुरत्या शेवया करायच्या होत्या. आम्ही दोघी वरखाली बसलो. रुसून बसलो होतो, म्हणून शेवया जाड झाल्या. मग दोघींनाही हसू आले. तेव्हा नात मोबाईलवरचे ते जपानी पाकीट दाखवून म्हणाली, ‘‘आजी, त्यांनी गावाचं नाव वर लिहिलंय. तुम्ही खाली बारीक अक्षरांत लिहायलाही भिता?’’ धाकटी काही बोलली नाही. संध्याकाळी तिनेच छापखान्यात मजकूर नेऊन दिला. वस्तीचे नाव, पूर्ण, ठळक अक्षरांत.

पुढे काय झाले तेही खरे सांगतो, कारण गोड शेवट करून आम्हाला कोणाला फसवायचे नाही. चार दुकानांपैकी दोघांनी माल ठेवणे बंद केले. कारण सांगितले नाही. पहिल्या हंगामात विक्री निम्म्यावर आली आणि गटातील दोन बाया बाहेर पडल्या. आम्ही त्यांना दोष देत नाही. एका प्रदर्शनात एका बाईंनी पाकीट उलटून पाहिले आणि हळूच परत ठेवले. त्यांच्यामागून आलेल्या एका तरुण मुलीने तोच पत्ता वाचला, आमच्याकडे पाहिले, हळू आवाजात ‘जयभीम’ म्हणाली आणि चार पाकिटे घेतली. यंदा ती विक्री पुन्हा वर आली आहे. पूर्वीइतकी नाही, पण येते आहे. खालांच्या सुनेची ईदची मागणी कधीच चुकलेली नाही.

भगिनींनो, आमचे सांगणे एवढेच. आपल्या घरी आईच्या, सासूच्या हातचे जे काही असेल, शेवया असोत, सांडगे असोत, खारोड्या असोत, ते नुसते खाऊ नका, करायला शिका. त्यांच्या ओव्या, त्यांच्या खुणा, पीठ किती वेळ मुरू द्यायचे हे वहीत लिहून ठेवा. आम्ही उशीर केला. तुम्ही करू नका. आणि जे कराल त्यावर आपले नाव लिहा. कोणी पाकीट परत ठेवेल, ठेवू द्या. चुकीचा पत्ता टाकून विकलेल्या शेवयांचे पैसे खरेच असतात, पण त्या शेवया कोणाच्या होत्या हे आपल्या नातीला आपण सांगू शकत नाही.

येत्या वैशाख पौर्णिमेला पाट पुन्हा उतरेल. वरच्या टोकाला नात बसणार आहे. खाली झेलायला आम्ही दोघी.